वायरमन भाऊ, तुमची दोरी आमच्याकडेच आहे

वायरमन भाऊ, नमस्कार.

निघताना तुम्ही "आभार कायचे जी" म्हणत गाडीला किक मारली. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितो.

ओसरीच्या लोखंडी खांबाला हात लागला की आईला झटका बसायचा. "मले करंट लागते, पन कोनाले पटतच नाही," हे तिचं रोजचं. तुमच्याआधी दोघे येऊन गेले. पहिल्याने बल्ब बदलला. दुसऱ्याच्या टेस्टरमध्ये लाल दिसलं, तरी "हे इंडक्शन आहे, खरा करंट नाही" म्हणत त्याने खांबाला हात लावून दाखवला आणि दीडशे रुपये घेऊन गेला. पायात रबरी चप्पल, खाली कोरडी ठणठणीत फरशी. त्याला कसा बसणार झटका?

तुम्ही पेटी उघडायच्या आधी आईसमोर उकिडवे बसलात. "काकू, तेव्हा पायात चप्पल होती का? खाली ओलं होतं का? दिवा चालू होता का बंद?" अनवाणी, ओले कपडे वाळत घालताना, दिवा बंद. "मग बसणारच झटका," तुम्ही म्हणालात. बस्स, एवढंच. आईने उठून चहा टाकला; आधीच्या दोघांना तिने पाणीही विचारलं नव्हतं. ज्याला त्रास होतो त्याचं म्हणणं आधी खरं धरायचं, ही माणुसकी कोणत्या आयटीआयमध्ये शिकवतात कोणास ठाऊक.

दिवा बंद असतानाही करंट, यातच अर्धं उत्तर होतं. स्विच फेजऐवजी (करंट आणणारी वायर) न्यूट्रलवर (करंट परत नेणारी वायर) घातलेला, म्हणजे बटण बंद केलं तरी होल्डरपर्यंत फेज जिवंतच. त्यात दिव्याच्या फिटिंगच्या भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर घासू नये म्हणून बसवतात ते कडं, नाही. पत्र्याच्या धारेने वायरचं कव्हर कापलेलं, तांबं पत्र्याला टेकलेलं. पत्र्यातून खांबात, खांबातून कपड्यांच्या तारेत. आणि गळलेला करंट जमिनीत नेणाऱ्या ज्या हिरव्या वायरकडे बोट दाखवून "अर्थिंग आहे ना" असं आम्हाला सांगितलं होतं, ती बोर्डामागे वेटोळं करून ठेवलेली. कशालाच जोडलेली नाही!

जोडली असती तरी फार उपयोग नव्हता, हेही तुम्हीच दाखवलंत. फेज आणि अर्थमध्ये 100 वॉटचा बल्ब धरला तर बल्बमधली तार नुसती लालसर झाली. अर्थिंगला पुरलेली दोन फुटी सळई, तीही काळ्या मातीत. उन्हाळ्यात ही माती भेगाळते, सळईपासून सुटते आणि रोध शेकड्यांत जातो. 300 ओहम धरा: 230 व्होल्ट भागिले 300, पाऊणच अँपिअर. 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच, त्याने कशाला पडेल? नव्या खड्ड्यात अडीच मीटरचा जीआय पाइप, कोळसा-मिठाचे थर, 8 गेजची तार, तीही नुसता पीळ मारून नव्हे, नट-बोल्टने आवळलेली. मग तोच बल्ब लख्ख लागला.

तरीही तुम्ही 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचा आग्रह धरलात, तेव्हा मला वाटलं खर्च वाढवताय. माफ करा. 10 ओहमच्या बऱ्या अर्थिंगलाही 23 अँपिअरच वाहतात, त्याने 16 चा एमसीबी लगेच पडेलच असं नाही. आरसीसीबी मात्र गेलेला आणि परत आलेला करंट ताडून पाहतो, फरक पडला की तोडतो. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबतो. खड्ड्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी आई घालते, तुळशीचं आटोपलं की.

जाताना कपड्यांची तार तुम्ही स्वतः पक्कडीने तोडली आणि गाडीच्या कॅरिअरची नायलॉन दोरी सोडून तिथे बांधून दिलीत. शिडी कशाने बांधून नेली, देव जाणे. बाजारातून नवी दोरी आणून ठेवली आहे. न्यायला या, चहाच्या वेळी.