बोगदा रोहतांगखाली आहे, कुंझुमखाली नाही

संपादक महोदय,

मे महिना लागला की इंदूरच्या मराठी घरांतून ‘मनालीहून काझा’चे, म्हणजे स्पितीतल्या मुख्य गावाला जायचे, बेत सुरू होतात. मनालीहून रोहतांग खिंडीखालून लाहौलात जाणारा अटल बोगदा झाला, म्हणजे लाहौल-स्पिती बारा महिने उघडं, अशी समजूत त्यामागे असते. ती अर्धीच खरी आहे.

हिमाचलातला हा जिल्हा कागदावर एक असला तरी मध्ये सुमारे ४,५५० मीटर उंचीची कुंझुम खिंड आहे. अलीकडे लाहौल. बारालाचा खिंडीच्या दोन अंगांनी निघालेल्या चंद्रा आणि भागा तिथे तांदीला मिळतात, तीच पुढे चिनाब. पलीकडे स्पिती नदी, ती किन्नौरात खाबपाशी सतलजला जाऊन मिळते. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेला ९ किलोमीटरचा बोगदा सिस्सू-केलाँगची सोय करतो. काझाचा मनालीकडचा रस्ता मात्र साधारण नोव्हेंबरपासून मेअखेर किंवा जूनपर्यंत बर्फाखालीच असतो. त्या दिवसांत केलाँग या जिल्ह्याच्या ठिकाणाहून त्याच जिल्ह्यातल्या काझाला जायचं तर आधी मनालीला उतरायचं आणि मग किन्नौरचा वळसा घ्यायचा! २०११ च्या जनगणनेत या अख्ख्या जिल्ह्यात ३१,५६४ माणसं होती. आपल्या एक-दोन वॉर्डांत मावतील एवढीच.

बोगद्यामुळे आणखी एक घोळ झालाय. मनाली २,०५० मीटरवर. सकाळी तिथून निघालेली मंडळी संध्याकाळी ४,३०० मीटरवरच्या चंद्रताल तलावाशी तंबूत पोचतात. एका दिवसात सव्वादोन हजार मीटरची चढण शरीराला झेपत नाही. डोकं ठणकतं, उलट्या होतात, आणि रात्रीतून खाली उतरावं म्हटलं तर एकीकडे कुंझुम, दुसरीकडे नाले. तीन हजार मीटरच्या वर गेलं की मुक्कामाची उंची रोज तीन-चारशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. त्यामुळे माळवा एक्सप्रेसने अंबाल्याला उतरून शिमला, सराहन, कल्पा (२,९६०), ताबो (३,२८०), काझा (३,६५०) असं जावं. वाटेत नाको सुंदर आहे, पण तिथे रात्र काढू नये. ते जवळजवळ काझाइतकंच उंच आहे. खिंड उघडी असेल तर परतताना खुशाल मनालीकडून उतरावं.

त्या वाटेवर स्पितीतलं लोसर ते कुंझुमपलीकडचं लाहौलातलं ग्रांफू हा टप्पा पहाटे निघून उरकावा. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी रस्त्यावरून गुडघाभर वाहू लागतो. गढूळ पाण्यात तळाचे धोंडे दिसत नाहीत आणि बुटक्या गाडीचं चेंबर तिथेच फुटतं. काझा सोडल्यावर ग्रांफूपर्यंत पंपही नाही, टाकी काझालाच भरून घ्यावी.

शिधा बरोबर नेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. काझात पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यातली तूरडाळ तासन्तास ठेवली तरी कचकचीतच राहते. कुकर हवाच. पोहे मात्र बिनघोर न्यावेत, त्यांना भिजवून परतलं की झालं.

— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर