ग्लिया पेशींनाही जागा द्या

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतला मेंदूवरचा लेख आवडला. चेतापेशीतून संदेश कसा धावतो, हे इतक्या सोप्या भाषेत क्वचितच वाचायला मिळते. एका गोष्टीने मात्र मन खट्टू झाले. ग्लिया पेशी, म्हणजे मेंदूत चेतापेशींच्या सोबतीला असणाऱ्या पेशी, चेतापेशींच्या दहापट असतात आणि त्यांचे काम आधार देण्यापुरतेच, असे सांगून लेखकाने तो विषय एका ओळीत उरकला आहे. दोष त्यांचा एकट्याचा नाही म्हणा. पाठ्यपुस्तकांतून ही ओळ पिढ्यानपिढ्या उतरत आली आहे.

आधी आकड्याचे बघू. २००९ मध्ये ब्राझीलमधील सुझाना हेर्क्युलानो-हाउझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार मृत व्यक्तींच्या मेंदूंची मोजदाद प्रसिद्ध केली. त्यांची युक्ती नामी होती. मेंदूचे तुकडे घोटून एकजीव द्राव करायचा. त्यात पेशी फुटतात, पण केंद्रके शाबूत राहतात. एका पेशीत केंद्रक एकच, म्हणून केंद्रके मोजली की पेशी मोजल्या! चेतापेशींची केंद्रके वेगळ्या रंगाने ओळखली. हिशेब निघाला तो सरासरी ८६ अब्ज चेतापेशी आणि रक्तवाहिन्यांच्या पेशी धरून इतर सगळ्या मिळून सुमारे ८५ अब्ज. म्हणजे जवळजवळ बरोबरी. त्यातही ६९ अब्ज चेतापेशी एकट्या लहान मेंदूत. तिथे ग्लिया अल्पसंख्य, मोठ्या मेंदूत उलटे.

आता कामाविषयी. जर्मन वैद्यक फिर्कोने १८५६ मध्ये ग्लियाला नाव दिले ते चेतापेशींना सांधणारा पदार्थ समजून, आणि ती समजूत पुढे चिकटून राहिली. १८७३ मध्ये इटालियन संशोधक गोल्जीने पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट वापरून पेशी काळ्या रंगवल्या. थोड्याच पेशी रंगतात, पण रंगतात त्या फांद्यांसकट. हीच पद्धत सुधारून स्पॅनिश संशोधक काहालने १८८८ मध्ये पक्ष्यांच्या लहान मेंदूत दाखवले की चेतापेशी सुट्या आहेत; गोल्जीला मात्र अखेरपर्यंत अखंड जाळेच दिसत राहिले. १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले आणि गोल्जीने त्या व्याख्यानातही काहालच्या मताचे वाभाडे काढले. हे भांडण लेखकाने रंगवून सांगितले आहे, आणि ते आहेच चविष्ट.

पण काहालच्याच प्रयोगशाळेत पीओ देल रीओ-ओर्तेगा काम करत होता, त्याचा लेखात पत्ता नाही. त्याने सिल्व्हर कार्बोनेटची वेगळी रीत बसवली, १९१९ मध्ये मायक्रोग्लिया आणि १९२१ मध्ये ऑलिगोडेंड्रोग्लिया वेगळ्या काढून दाखवल्या. दरम्यान काहालने त्याला प्रयोगशाळेबाहेर काढले होते. ऑलिगोडेंड्रोग्लियाबद्दल तर गुरूला शंकाच होती. ज्याने चेतापेशी डोळ्यांनी पाहिली, त्याला शेजारची पेशी पटेना!

या पेशी करतात तरी काय? मायक्रोग्लिया मेंदूत गस्त घालतात, मेलेल्या पेशी गिळतात. ऑलिगोडेंड्रोग्लिया अक्षतंतूंभोवती, म्हणजे चेतापेशीच्या संदेश नेणाऱ्या लांब तंतूंभोवती, मायेलिन या मेदयुक्त पदार्थाचे वेढे घालतात. बारीक उघड्या तंतूत संदेश सेकंदाला मीटर-दोन मीटर जातो, जाड मायेलिनयुक्त तंतूत शंभर मीटरच्याही पुढे. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात हेच वेढे सुटू लागतात. तारकापेशी, म्हणजे ॲस्ट्रोसाइट, चेतासंधीजवळ, म्हणजे दोन चेतापेशी जिथे भेटतात तिथे, सांडलेले ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन उचलून घेतात. ते साचले तर चेतापेशी अतिउत्तेजित होऊन मरतात. विजेचे झटके चेतापेशी देतात म्हणून इलेक्ट्रोडला त्यांचाच आवाज ऐकू आला, आणि संशोधकांनीही बराच काळ तेवढाच ऐकला.

लेखमालेचा पुढचा भाग येणार असेल तर निदान आकृती बदलावी. लेखातल्या चित्रात चेतापेशी कोऱ्या पोकळीत तरंगते आहे. तिच्या शेजारी एक तारकापेशी काढावी, जिचा एक पाय चेतासंधीला आणि दुसरा रक्तकेशिकेला टेकलेला असेल.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक