बाबा, एफडी मोडायची नाही

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायला लागले की बाबा दोन वाक्यांत "बरं, आईशी बोल" म्हणतात, आणि आईचा आवाज ऐकला की मला पुढचं बोलवत नाही. म्हणून लिहितेय. आई, चष्मा लाव आणि बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत त्यांनी डोळ्यांना ताण द्यायचा नाही.

मी नोकरीचा राजीनामा दिला आहे. या महिन्याच्या शेवटी मोकळी होईन. कुणाशी भांडण झालेलं नाही, कुणी काढून टाकलेलं नाही, माझी तब्येत उत्तम आहे. निखिलला पहिल्यापासून सगळं माहीत आहे आणि तो पाठीशी आहे.

आधी पैशाचं सांगते, कारण बाबांच्या मनात तेच आलं असेल. फ्लॅटचा हप्ता निखिलच्या पगारातून जातो, तो तसाच जाईल. वर्षभराच्या घरखर्चाची रक्कम मी वेगळी ठेवली आहे, तिला या कामासाठी हात लावायचा नाही असं आमचं ठरलंय. तुम्हाला दर महिन्याला येतात ते पैसे त्याच तारखेला येतील. शांताबाईंचा पगार, दूध, गॅस, बाबांचं वर्तमानपत्र, यातलं काहीही कमी करायचं नाही. आई, काटकसर म्हणून शांताबाईंना "उद्यापासून पोळ्या मीच करते" असं सांगू नकोस. तुझे गुडघे ओट्यापाशी तासभर उभं राहण्याच्या अवस्थेत नाहीत.

ऑफिसच्या विम्यात तुमची दोघांची नावं होती, ती आता निघतील. पण त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेतली की आधीची वर्षं धरली जातात, बाबांच्या साखरेसाठी आणि तुझ्या बीपीसाठी पुन्हा पहिल्यापासून थांबावं लागत नाही. तो अर्ज मी भरला आहे. शिवाय सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. बाबा, तुम्ही "मला सरकारचं काही नको" म्हणाल. तरीही आपण जाऊन कार्ड काढणार आहोत.

आता काम काय ते.

बाबा, बासष्टच्या चीन युद्धावरचा 'हकीकत' दूरदर्शनवर लागला की तुम्ही टीव्हीचा आवाज बारीक करायचात आणि अण्णाकाका उठून गोठ्याकडे जायचे. मला वाटायचं, त्यांना सिनेमा आवडत नाही. मी त्यांच्या पायाशी बसून उरलेली बोटं मोजायचे आणि विचारायचे, बाकीची कुठं गेली? "बर्फानं ठेवून घेतली," म्हणायचे. मग मी दर पावसाळ्यात गारा पडल्या की त्या वाटीत गोळा करून त्यांना नेऊन द्यायचे, त्यातून बोटं सापडतील म्हणून. ते वाटी घेऊन बसून राहायचे आणि गारा विरघळल्या की म्हणायचे, "आज नाही मिळाली गं मनू." आई, आठवतंय ना? तू मला रागवायचीस, सर्दी होईल म्हणून.

त्या सिनेमावरून आम्ही चौघं मिळून एक व्हिडिओ गेम करतोय. मी, दोघं जुने सहकारी, आणि आवाजाचं काम बघणारा एक मुलगा, एफटीआयआयमध्ये शिकलेला. इतकी वर्षं मी परदेशातल्या गेमसाठी भिंती, दगड, झाडं बनवली. त्यातून हात तयार झाला, घर झालं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्या भिंतींच्या आत काय घडतं हे ठरवणारे लोक दुसरीकडे बसलेले असतात. मला एकदा ते आपण ठरवायचं आहे, आणि ते चाळिशीच्या आधी, अंगात रात्रीची जागरणं सोसण्याची ताकद आहे तोवर.

आई, गेम म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर दादाचा सोनू येत असेल, जेवायला हाका मारल्या तरी न उठणारा आणि धडाधड गोळ्या झाडणारा. आमचं तसं नाही. चेतन आनंद यांनी १९६४ साली, युद्धाची जखम ओली असताना, लडाखला जाऊन तो सिनेमा केला, आणि तो जिंकण्याचा सिनेमा नाहीच. मागे फिरणाऱ्या तुकडीचा आहे. आमच्या गेममध्येही तेच. हातात थ्री-नॉट-थ्री रायफल, प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढायचा, आणि गोळ्या मोजक्या. अंगात सुती कपडे, पायात कॅनव्हासचे बूट, चौदा हजार फुटांवरची हवा. बोटं बधिर झाली की बोल्ट ओढता येत नाही, म्हणून थांबून हात काखेत धरायचे. जखमी सोबत्याला पाठीवर घेतलं की धाप लागते, आणि धाप लागली की पडदा अंधारत जातो. किती मारले याचे गुण कुठेच नाहीत. किती जणांना खाली घेऊन आलात, एवढंच शेवटी कळतं. सगळं चित्र काळं-पांढरं, सिनेमासारखंच.

असे गेम जगात झाले आहेत. पोलंडमधल्या एका कंपनीनं २०१४ साली 'धिस वॉर ऑफ माइन' केला. त्यात वेढ्यात अडकलेल्या शहरातल्या साध्या माणसांना अन्न, औषधं, सरपण शोधून जगवायचं असतं. २०२० साली पोलंड सरकारनं तो शाळांच्या वाचनाच्या यादीत घेण्याचं जाहीर केलं. आई, तू तीस-पस्तीस वर्षं मुलांना इतिहास शिकवलास, तुला हे मी वेगळं काय सांगू. बर्फात चालताना किती थंडी वाजते हे पुस्तकातल्या दोन ओळींत येत नाही, म्हणून तू वर्गात अण्णाकाकांना बोलावलं होतंस. ते आले आणि काहीच न बोलता परत गेले.

पैसा लोकवर्गणीतून उभा करायचा आहे. बाबा, हा शब्द वाचून पतसंस्थेचं जे झालं ते तुम्हाला आठवेल, म्हणून नीट सांगते. ही ठेव नाही, शेअर नाही, यात कुणाला व्याजाचं आश्वासन नाही. माणूस पाचशे रुपये देतो आणि गेम तयार झाला की त्याला तो मिळतो, जास्त देणाऱ्याला सोबत चित्रांचं पुस्तक. आकडा आधीच जाहीर करायचा. ठरलेल्या मुदतीत तो पूर्ण झाला नाही तर कुणाच्या खात्यातून एक रुपयाही निघत नाही. हिशेब सीएकडे, खातं वेगळं, आणि दर महिन्याचा खर्च पैसे देणाऱ्यांना दिसणार.

तुमच्याच तोंडून ऐकलेलं आहे की तळेगावचा काच कारखाना पैसा फंडातून उभा राहिला. अंताजी दामोदर काळे लोकांकडून एकेक पैसा मागत फिरले, टिळक त्यांच्या मागे उभे राहिले आणि १९०८ साली कारखाना सुरू झाला. आणि आई, तुझ्या स्मिता पाटीलचा 'मंथन' गुजरातच्या ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये देऊन काढलाय. लोकांकडे हात पसरणं कमीपणाचं आहे असं मला वाटत नाही. हिशेब न देणं कमीपणाचं.

हे फसूही शकतं. लपवून तुम्हाला धीर देण्यात अर्थ नाही. व्हिएतनामच्या युद्धावरचा 'अपोकॅलिप्स नाउ' हा १९७९ चा फार मोठा सिनेमा. त्याचा दिग्दर्शक कोपोला, त्यानं तो पुरा करायला स्वतःची मालमत्ता गहाण टाकली होती. २०१७ साली त्याच्याच कंपनीच्या पाठिंब्यानं त्यावरच्या गेमसाठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर ९ लाख डॉलर मागितले गेले. तेवढे जमले नाहीत, ती मोहीम बंद करून स्वतःच्या वेबसाइटवर नेली, आणि तो गेम काही आला नाही. मला त्यातून एवढंच दिसतं की नाव कितीही मोठं असो, लोकांना हातात घेऊन खेळता येईल असं काहीतरी आधी द्यावं लागतं. म्हणून आम्ही पहिला अर्धा तास खेळता येईल इतका भाग पुरा करूनच मागायला जाणार. याच पुण्यातल्या नोडिंग हेड्स गेम्सची 'राजी'साठीची किकस्टार्टर मोहीमही २०१७ साली पुरी पडली नव्हती. तरी त्यांनी काम सोडलं नाही, २०२० साली गेम आला आणि जगभर खेळला गेला. आणि मी कोपोला नाही. घर गहाण पडणार नाही, तुमचंही नाही आणि आमचंही.

कोर्टकचेरीची भीती नको. वकिलांना विचारलं आहे. आपल्याकडे सिनेमावरचा हक्क ६० वर्षांचा, त्यामुळे 'हकीकत'चा २०२४ अखेर संपला. पण कथा लिहिणाऱ्याचा आणि गाणी लिहिणाऱ्याचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. चेतन आनंद १९९७ ला गेले, कैफी आझमी २००२ ला. म्हणजे गोष्ट वापरायची तर वारसांना विचारायलाच हवं, आणि कायदा नसता तरी विचारलं असतं. परवानगीचं पत्र तयार होतंय. लेखी होकार हातात येईपर्यंत सिनेमाचं नाव कुठे छापणार नाही आणि कुणाकडून पैसे घेणार नाही. तोवर लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयात जाऊन जुनी छायाचित्रं, परीक्षणं बघायची आहेत. तेही १९६४ सालीच सुरू झालं.

आणि नकार आला तर? तर तोच बर्फ, तीच चौकी, पण माणसं आपली. इथे तुमच्याकडे एक मागणं आहे.

माळ्यावरच्या ट्रंकेत अण्णाकाकांची पत्रं आहेत. आजीला लिहिलेली, आणि खडकीच्या लष्करी इस्पितळातून तुम्हाला लिहिलेली. बाबा, ती तुम्ही कुणाला दाखवलेली नाहीत हे मला माहीत आहे. तुम्ही तेव्हा शाळेत होता, आणि ती तुमची आहेत. मी ती छापणार नाही, त्यांचं नाव घालणार नाही, त्यांच्या दुःखाचे पैसे करणार नाही. मला फक्त वाचायची आहेत. पहाटे पाणी कशावर तापवायचे, कुणाशी काय बोलायचे, घरची आठवण कोणत्या वेळी यायची, हे मला कुठल्याच युद्धाच्या पुस्तकात मिळालेलं नाही. काकूला आधी विचारा. ती नको म्हणाली तर नको. तुम्हाला नको वाटलं तरी नको, कारणही सांगू नका, मी तुमच्यावर रुसणार नाही. पण हो म्हणालात तर मी एकटी वाचणार नाही. तुमच्या शेजारी बसून वाचेन, आणि तुम्ही म्हणाल तिथे थांबेन.

आता नीट ऐका. बाबा, हे पत्र संपल्यावर तुम्ही कपाटातून पासबुकं काढाल, मला माहीत आहे. एफडी मोडायची नाही. तुम्ही पाचशे रुपयेही द्यायचे नाहीत, सुरुवातीला तर मुळीच नाहीत. काकांना, भिडेकाकूंना, बँकेतल्या जुन्या मंडळींना फोन करून वर्गणी मागायची नाही. ज्यांना गेम खेळायचा आहे त्यांनीच द्यावेत. आई, तुझ्या पाटल्या तुझ्या हातातच राहू देत.

मला रोज येता येत नाही, याचं वाईट वाटतं. नोकरीत असताना तर रविवारही लॅपटॉपपुढे जायचा. आता वेळ माझ्या हातात असेल, महिन्यातून दोनदा साताऱ्याला यायचं ठरवलंय, आणि तुमच्या पडवीत बसूनही माझं काम होतं. फक्त इंटरनेटवाल्याला बोलवून ते जुनं कनेक्शन बदलून घ्यायला लागेल, ते मी बघते.

बाबा, संध्याकाळची गोळी जेवणाआधी, जेवणानंतर नाही. कास रस्त्यावर फिरायला जाताना काठी घ्या, लोक काय म्हणतील याचा विचार करू नका. आई, बाथरूममधली रबरी मॅट मी पाठवली होती, ती खोक्यातच असेल तर आज काढ आणि अंथर. गीझरचं बटण रात्री बंद करत जा. डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख पुढे ढकलायची नाही. पत्र वाचून कितीही राग आला तरी नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येतेय, निखिल रविवारी येईल. स्वयंपाकाचा घाट घालू नकोस. पिठलं-भाकरी कर, आणि तूप वाढताना बाबांच्या ताटाकडे लक्ष ठेव. बाबांचं आधार कार्ड वर काढून ठेवा.

तुमची,
मनू