पाणी अडवलं, पण वापराचं कोण ठरवणार?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. दर उन्हाळ्यात आपल्या पेपरात श्रमदानाचे फोटो येतात, डोंगरावर चर खोदणारी माणसं, घमेल्यांची साखळी, नाल्यात उभा असलेला जेसीबी. ते छापता ते चांगलंच आहे, त्या फोटोंमुळे शेजारच्या गावाला पण उभारी येते. पण एक गोष्ट मनात बरेच दिवस घोळतीये म्हणून हे पत्र. पाणी अडवल्याची बातमी जून पर्यंत येते, आणि त्या पाण्याचं पुढं काय झालं ह्याची बातमी कधीच येत नाही.

मी पारनेर तालुक्यातला शेतकरी. वाटाणा, कांदा, ज्वारी आणि थोडी दुभती जनावरं. आमच्या गावात पण श्रमदान झालं. माळावर सलग समतल चर काढले, जुने माती बांध दुरुस्त केले, बंधाऱ्यातला गाळ काढून शेतात टाकला, पुण्या-मुंबईला कामाला असलेली पोरं सुट्ट्या टाकून आली, बायका सकाळी सहाला टिकाव-फावडं घेऊन माळावर हजर. आणि पुढच्या पावसात विहिरींना पाणी आलं हे शंभर टक्के खरं आहे, ज्या विहिरी नोव्हेंबरात तळ दाखवायच्या त्या काठोकाठ भरलेल्या सगळ्या गावाने बघितल्या.

मग दिवाळीनंतर बोअरची गाडी आली गावात. एकाने बोअर घेतली म्हणून बांधाशेजारच्याने घेतली, त्याची पाचशे फूट तर ह्याची सातशे. पाणी दिसतंय म्हणून कुणी ऊस लावला, कुणी कांद्याचं क्षेत्र दुप्पट केलं, ज्यांनी शेततळी केलीत त्यांनी विहिरीतलं पाणी रात्रंदिवस उपसून पन्नीच्या तळ्यात भरून ठेवलं. शेततळं हे मुळात पावसाचं वाहून जाणारं पाणी धरायला असतं, पण आपल्या भागात ते विहिरीतलं सगळ्यांचं पाणी उचलून आपल्या एकट्याच्या नावावर करायचं साधन झालंय, आणि वर उन्हाने वाफ होऊन जातं ते वेगळंच. फेब्रुवारीत विहिरी खाली गेल्या, एप्रिलमध्ये टँकर. चर तेच, बंधारे तेच, पाऊस पण बरा झालेला.

कुणाला दोष द्यायचा म्हणून नाही सांगत. ज्याने बोअर घेतली त्याच्यावर पण सोसायटीचं कर्ज आहे, आणि आपण नाही उपसलं तर शेजारचा उपसणार हे त्याला पक्कं माहितीये, त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने पण हेच केलं असतं. म्हणूनच हे एकट्या-एकट्याने सुटणारं नाही, गावाने बसून ठरवलं तरच होईल.

आपल्याकडची जमीन कशी आहे ते विहीर खोदणाऱ्याला विचारा. वर थोडी माती, खाली मुरूम, मांजऱ्या म्हणजे झिजलेला मऊ खडक, मग काळा पाषाण. पावसाचं पाणी धरून ठेवतो तो वरचा मुरूम-मांजऱ्याचा थर, आणि तो दरवर्षी भरतो नि दरवर्षी रिकामा होतो. खालच्या पाषाणातल्या भेगांमधलं पाणी साठायला फार वर्षं लागलेली असतात, ते एकदा उपसलं की आपल्या नातवाच्या काळात तरी भरेल का सांगता येत नाही. आणि वरचा थर पण सगळ्या गावाच्या खाली सलग पसरलेला असतो, बांध घातलेत ते वर मातीवर, खाली नाही. तरी कायद्याने काय, तर 1882 च्या इंग्रजांच्या काळातल्या कायद्यापासून चालत आलंय की जमीन ज्याची त्याच्या खालचं पाणी त्याचं.

आता एक साधा हिशोब मांडतो. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आमच्यासारख्या ठिकाणी वर्षाला 400 मिमी पाऊस धरला तर एका हेक्टरवर 40 लाख लिटर पडतं. गावाचं क्षेत्र हजार हेक्टर असेल तर 400 कोटी लिटर. ऐकायला केवढं वाटतं! पण त्यातलं बरंच वाहून जातं, बरंच उडून जातं, काही मातीत ओल म्हणून राहतं आणि विहिरीपर्यंत पोचतो तो अगदी थोडा हिस्सा. आता खर्चाची बाजू बघा. दोन हजार वस्तीच्या गावाला माणशी रोज 55 लिटर, जलजीवन मिशनने धरलेत तेवढे, म्हणजे वर्षाचे साधारण 4 कोटी लिटर. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी 2 कोटी लिटरच्या आसपास लागतं, त्यातून पावसाचे 40 लाख वजा केले तरी 1 कोटी 60 लाख विहिरीतून काढावे लागतात. म्हणजे अडीच हेक्टर, सव्वासहा एकर ऊस हा अख्ख्या गावाचं वर्षभराचं पिण्याचं पाणी पितो. हे गणित सातवीतली पोरगी पण करू शकते, पण ग्रामसभेत कुणी करत नाही.

ड्रीप केलं की झालं असं काही जण म्हणतात. ड्रीप चांगलंच आहे, माझ्याकडे पण आहे. पण खरं बघा काय होतं, ड्रीपने वाचलेलं पाणी विहिरीत राहत नाही, त्यावर आणखी दोन एकर ओलिताखाली येतं. क्षेत्र किती करायचं हे ठरल्याशिवाय ड्रीपने गावाचं पाणी वाचत नाही.

हिवरे बाजार आमच्यापासून लांब नाही. पोपटराव पवार 1989 ला सरपंच झाले तेव्हापासून तिथे जे झालं त्यातलं लोक फक्त अर्धं सांगतात, चर, बंधारे, झाडं, आणि 2020 ची पद्मश्री. उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, आणि दरवर्षी पाऊस संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला, विहिरींना पाणी किती, त्यातून आधी माणसांचं, मग जनावरांचं, आणि जे उरेल त्यावर रब्बीत काय पेरायचं ते. पाऊस कमी झाला तर जास्त पाण्याच्या पिकांना सरळ कात्री. एवढ्या कमी पावसाच्या गावात टँकर बंद झाला तो नुसत्या चरांनी नाही, ह्या बंधनांनी.

ह्यावर लगेच उत्तर येतं की त्यांच्याकडे पोपटराव होते, राळेगणला अण्णा होते, आमच्याकडे कोण आहे. मला हे पटत नाही. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणाचं बघा. तिथे कालव्याच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांना वर्षानुवर्षं पाणीच मिळत नव्हतं. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे ह्यांनी ओझरला समाज परिवर्तन केंद्राच्या मार्फत सुरुवात करून दिली हे खरं, पण पुढे पाणी वापर संस्था चालवल्या त्या साध्या शेतकऱ्यांनी, आणि एक-दोन नाही, धरणाचं सगळं लाभक्षेत्र संस्थांकडे आलं. पाणी मोजून घ्यायचं, मोजून द्यायचं, पाणीपट्टी संस्थेने गोळा करून भरायची. कालव्याचं पाणी ओढ्यावरच्या बंधाऱ्यांत सोडून विहिरी पण भरून घेतल्या. सरकारने 2005 साली सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे द्यायचा कायदा केला, त्याच्या किती आधीपासून हे लोक काम करत होते!

आणि त्याच्याही आधी धुळे भागात पांझरेवर फड होतेच की. नदीवर बंधारा, त्यातून पाट, गावाची जमीन तीन-चार फडांत वाटलेली, कोणत्या फडात ऊस आणि कोणत्यात ज्वारी-बाजरी हे दरवर्षी गाव बसून ठरवणार, प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात असल्यामुळे कुणावर अन्याय नाही. पाणी फिरवायला पाटकरी, राखायला जागल्या, त्यांना गावाने मोबदला द्यायचा. हे शेकडो वर्षं चाललं, तेव्हा ना वॉटर कपसारखी गावांची कुठली स्पर्धा होती ना कुठली योजना. मग आपल्या लोकांना जमणार नाही असं कसं म्हणायचं?

आता जे मला सगळ्यात जास्त खटकतं ते सांगतो. श्रमदानाला सकाळी सहाला येणारे कोण असतात ते नीट बघा. आमच्याकडे निम्म्याहून जास्त बाया होत्या आणि त्यातल्या कितीतरी भूमिहीन, मजुरीवर जाणाऱ्या. त्यांनी डोंगरावर चर खोदले, पाणी मुरलं, आणि उतरलं कुणाच्या विहिरीत? ज्यांची जमीन ओढ्याच्या काठाला आहे त्यांच्या. चर खोदणारीच्या दारात मात्र एप्रिलमध्ये टँकरचीच वाट. हा प्रश्न पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर नायगावला पाणी पंचायत सुरू केली तेव्हाच सोडवून दाखवला होता. पाणी जमिनीच्या हिशोबाने नाही तर माणसांच्या हिशोबाने, माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनाला पण पाण्याचा हक्क. ऊस नाही. खर्चातला काही वाटा लाभधारकांनी स्वतः घालायचा. आज ह्यातली एक अट जरी कुणी ग्रामसभेत मांडली तरी किती जण उठून जातील माहीत नाही, पण मांडल्याशिवाय कळणार पण नाही ना.

आमच्या गावातल्या काही पोरांनी एक छोटी गोष्ट सुरू केलीये. दर अमावास्येला गावातल्या ठरलेल्या विहिरींवर जायचं, फुटा-फुटाला गाठ मारलेल्या दोरीला दगड बांधून कठड्यावरून आत सोडायचा, दगड पाण्याला टेकला की गाठी मोजायच्या आणि आकडा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खडूने लिहायचा. बाकी काही नाही. सुरुवातीला लोक म्हणाले ह्यानं काय होणार. पण जानेवारीत एका विहिरीचं पाणी एका महिन्यात अकरा फूट उतरलेलं भिंतीवर दिसलं आणि तिथून गावाची नळयोजना भरते, तेव्हा बचत गटाच्या बाया ग्रामपंचायतीत गेल्या आणि विचारलं की ह्या विहिरीच्या जवळपास नवीन बोअर कुणाच्या परवानगीने झाली. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायची नाही हे 1993 च्या कायद्यापासून आहे, हे तोपर्यंत गावात बहुतेकांना माहीतच नव्हतं. ती बोअर काही बंद झाली नाही, पण त्या मालकाने उन्हाळ्यात मोटर एक दिवसाआड चालवायचं कबूल केलं, आणि बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा पाण्यावर ग्रामसभेत भांडण न होता बोलणं झालं. आकडा भिंतीवर होता म्हणून झालं.

2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं वीजबिल माफ झालंय, आणि सोलर पंप पण जोरात बसतायत. शेतकऱ्याला दिलासा मिळाला ह्याचा मला आनंदच आहे, रात्रीची लाईट आणि बिबट्याची भीती ज्याने अनुभवलीये त्याला दिवसा पाणी देता येणं म्हणजे काय ते कळतं. पण उपसा करताना आता बिलाचा पण विचार करायची गरज राहिली नाही. मोटर चालू ठेवायला खर्च नाही आणि बंद करा म्हणणारं कुणी नाही, अशा वेळी गावाचा नियम नसेल तर खालचं पाणी किती दिवस पुरणार?

म्हणून आपल्याला विनंती आहे. पेपरने श्रमदानाचे फोटो छापावेतच, पण त्याच गावांत ऑक्टोबरात पुन्हा बातमीदार पाठवावा, ताळेबंद झाला का, रब्बीचं पीक पाणी बघून ठरलं का, भूमिहीनांना काय मिळालं हे विचारावं, आणि मार्चमध्ये परत एकदा जावं. भूजल सर्वेक्षण विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षातून चार वेळा घेते, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. ते आकडे तालुकावार आपल्या जिल्हा पानावर छापा, कांद्याचे बाजारभाव छापता तसे, त्याच जागी, नेमाने. कांद्याचा भाव आम्ही सकाळी सगळ्यात आधी बघतो, पाण्याची पातळी त्याच्या शेजारी असली तर ती पण बघू. आणि आमच्या पोरांनी मोजलेले विहिरींचे आकडे पाहिजे असतील तर दर महिन्याला पाठवायला ते तयार आहेत, मी विचारून घेतलंय.

आपला,
पारनेर तालुक्यातला एक शेतकरी वाचक