फिल्म रोल आणि विमानतळावरील क्ष-किरण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

होटगी रस्त्यावरील विमानतळावरून प्रवासी विमाने सुटू लागली, ही सोलापूरकरांची मोठीच सोय झाली. मात्र हौसेने पुन्हा फिल्म रोलवर छायाचित्रे काढणाऱ्या आणि ते धुऊन घेण्यासाठी बरेचदा मुंबई-पुण्याची वाट धरणाऱ्या मंडळींनी विमानात बसण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. न धुतलेला रोल चेक-इन सामानात कधीही टाकू नये, कारण त्या सामानाची तपासणी करणारी क्ष-किरण यंत्रे हातातल्या बॅगेच्या यंत्रांपेक्षा बरीच तीव्र असतात. अशा यंत्रातून गेलेला रोल धुतल्यावर निगेटिव्हवर करडी झाक येते, काळोख्या भागांतला तपशील बुजतो आणि कधी कधी पट्टीभर नागमोडी पट्टे उमटतात. ते कोणत्याही स्टुडिओत पुसून निघत नाहीत.

हातातल्या बॅगेच्या जुन्या यंत्रातून ४०० आयएसओपर्यंतचा (आयएसओचा आकडा जितका मोठा, तितकी फिल्म प्रकाशाला अधिक संवेदनशील) रोल एक-दोनदा गेल्यास सहसा बिघडत नाही. परंतु परिणाम साठत जातो, आणि गड्ड्याच्या यात्रेतील शोभेच्या दारूकामासारखे रात्रीचे प्रसंग टिपण्यासाठी वापरलेला ८०० किंवा ३२०० आयएसओचा रोल, तसेच ४०० चा रोल १६०० वर वापरून पुश करायचा, म्हणजे कमी प्रकाशात काढून जास्त वेळ धुवायचा असेल तर तोही, अधिक नाजूक असतो. मोठ्या विमानतळांवर येऊ लागलेल्या सीटी पद्धतीच्या, म्हणजे सामानाची सर्व बाजूंनी क्ष-किरण चित्रे घेणाऱ्या यंत्रांतून तर कोणताही न धुतलेला रोल एकदाही जाऊ देऊ नये, असेच फिल्म बनवणाऱ्या कंपन्या सांगतात. शिशाच्या अस्तराची पिशवी हा त्यावर उपाय नव्हे. पडद्यावर काळा ठोकळा दिसला की कर्मचारी बॅग उघडायला लावणार, हे उघड आहे. धुतलेल्या निगेटिव्हला आणि मेमरी कार्डाला मात्र यातली कसलीच भीती नाही.

खोक्यातून काढलेले रोल पारदर्शक पिशवीत ठेवून, रांगेत पुढे जाण्याआधीच हाताने तपासणी करण्याची विनंती करावी. अमेरिकेत अशी विनंती करण्याची सोय सुरक्षा यंत्रणेनेच ठेवलेली आहे. आपल्याकडे ती मान्य होणे समोरच्या कर्मचाऱ्याच्या मर्जीवर राहू नये, यासाठी नागरी विमानन सुरक्षा ब्युरोने न धुतलेल्या फिल्मविषयी स्पष्ट सूचना काढावी आणि ती तपासणीच्या जागी मराठीतही लावावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक छायाचित्रकार, सोलापूर