‘अर्धा तास आधी’ हा सल्ला सरसकट सगळ्या इन्सुलिनला लावू नका

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मधुमेह दिनाच्या निमित्तानं काल आपण पुरवणीचं अख्खं पान या आजाराला दिलंत, त्याबद्दल आभार. बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ साली टोरांटोत इन्सुलिन कसं शोधलं, १९२२ च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला ते पहिल्यांदा कसं टोचलं, हे सगळं मी आवडीनं वाचलं. पण त्या हकिकतीला अर्धं पान, आणि आज घरोघरी रोज इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांसाठी कोपऱ्यात एक चौकट? त्यातही पहिलंच वाक्य असं: ‘इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावे.’

कोणतं इन्सुलिन, ते चौकटीत कुठंच नाही. जुनं साधं इन्सुलिन, ज्याला डॉक्टर रेग्युलर म्हणतात, आणि ते ज्यात मिसळलेलं असतं ती ३०/७० ची दुधाळ बाटली, यांना हा नियम बरोबर आहे. त्यांचा असर सुरू व्हायलाच अर्धा तास लागतो, आणि ती बाटली वापरणाऱ्यांनी अर्धा तास पाळलाच पाहिजे. पण लिस्प्रो, अस्पार्ट, ग्लुलिसिन ही जलद इन्सुलिनं, जी दुकानात ह्युमॅलॉग, नोव्होरॅपिड, एपिड्रा अशा नावांनी मिळतात, ती दहा-पंधरा मिनिटांत कामाला लागतात. तासा-दोन तासांत त्यांचा जोर सगळ्यात जास्त असतो. ती टोचून माणूस अर्धा-पाऊण तास उपाशी बसला तर त्याचं काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून हे पत्र.

यंदाच्या महालक्ष्म्यांना आम्ही नागपुरातल्याच महाल भागात एका नातेवाइकांकडे जेवायला गेलो होतो. त्याच्या थोडे दिवस आधी हे दवाखान्यात होते. तिथून घरी सोडताना यांची जुनी बाटली बंद करून हातात जलद इन्सुलिनचं पेन, म्हणजे पेनासारखं दिसणारं इंजेक्शन, दिलं. कागदावर लिहिलं होतं, ‘जेवणाआधी १२ युनिट’. आधी म्हणजे किती आधी, हे कागदावर नव्हतं आणि कुणी तोंडानंही सांगितलं नाही. बाटलीच्या वेळी बारा वर्षं यांनी अर्धा तास पाळला होता, तोच पाळत राहिले. घरी ते निभावलं, कारण घरी जेवण वेळेवर असतं आणि हे पोळीचा वास आल्याशिवाय इंजेक्शन घेत नाहीत.

आमंत्रण दुपारी एकचं होतं. विदर्भातल्या वाचकांना हे काय असतं ते सांगायला नको. सोळा भाज्या, आंबील, पुरण, वडे, सगळं सोवळ्यात. आतून हाक आली, ‘पानं घेऊनच राहिलो भाऊजी, बसा आता!’ हे आतल्या खोलीत गेले आणि १२ युनिट टोचून आले. मग कळलं, एक सवाष्ण यायची राहिली आहे. ती आली तर आरती राहिली होती. आरती झाली तर नैवेद्याचं ताट पूर्ण व्हायचं होतं. यजमानांना मी दोष देत नाही, त्यांच्या घरचा कुळाचार आहे.

मी यांच्याकडे बघितलं तेव्हा हे सदऱ्याचं वरचं बटण काढत होते आणि पुन्हा लावत होते. काढत होते, लावत होते. कपाळावरून घाम कानापर्यंत आलेला. मला विचारलं, ‘गाडीची चावी कुठंय?’ चावी यांच्याच हातात होती. दोन मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं, आणि मी उत्तर दिलं तर माझ्यावर खेकसले. आयुष्यात कुणावर आवाज न चढवणारा माणूस. शेजारचे गृहस्थ म्हणाले, गर्दीनं उकडतंय, पंख्याखाली बसवा. मी पर्समधून ग्लुकोमीटर काढला. साखर ४८, म्हणजे फारच उतरलेली.

समोर पंचामृतासाठी काढलेली साखरेची वाटी होती, तीच उचलली आणि तीन चमचे साखर पाण्यात ढवळायला लागले. तेवढ्यात एका बाईंनी माझा हात धरला. ‘अहो, शुगर आहे न त्यांना! साखर काहून देता? मरायचेत का?’ दुसऱ्या म्हणाल्या, नैवेद्य व्हायचाय अजून. तिसऱ्या कुणीतरी, फार मायेनं, तूप घातलेला पुरणपोळीचा तुकडा पुढं केला. संपादक महोदय, त्या घरातली एकही बाई वाईट नव्हती. शिकलेल्या होत्या, दोघीतिघी तर माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिका. पण साखर उतरलेल्या माणसाला साखरच द्यायची असते, हे त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नव्हतं. आपल्या पानावरही ते नाही.

मी हात सोडवला आणि पाणी पाजलं. पंधरा मिनिटांनी ६६. पुन्हा तीन चमचे. मग ९२ आले, बटणावरचा हात थांबला आणि हे म्हणाले, ‘काय झालं?’ तेव्हा कुठं मी पान वाढून आणलं.

पुरणपोळी का नको, तेही लिहिते, कारण हा गैरसमज घरोघरी आहे. तुपासारख्या स्निग्ध पदार्थामुळे गोड रक्तात हळू उतरतं. चॉकलेट, पेढा, लाडू यांचंही तेच. अशा वेळी लागते ती निव्वळ साखर किंवा ग्लुकोज पावडर, साधारण १५ ग्रॅम, पाण्यातून. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच द्यायचं. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. त्याला कुशीवर वळवून ताबडतोब दवाखाना गाठायचा. आपल्या चौकटीत या सगळ्याला दोन ओळी पुरल्या असत्या.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी यांना शांतपणे समजावलं. हे इन्सुलिन ताट समोर आल्यावर घ्यायचं. आधी शुगर मोजायची, ७० च्या खाली असेल तर आधी साखर, मग बाकीचं. बाहेर कुठं जेवण कधी मिळेल, किती जाईल याचा भरवसा नसेल तर जेवून उठल्याबरोबर लगेच घेतलं तरी चालतं. प्रत्येकाचा डोस वेगळा, त्यामुळं ज्यानं त्यानं आपल्या डॉक्टरांना विचारावं. पण हे विचारायचं असतं, एवढं तरी वर्तमानपत्रानं सांगायला हवं. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते. नागपुरातल्या लग्नात वरात यायला किती उशीर होतो आणि जेवणाचे टेबल कधी उघडतात, हे आपल्याला ठाऊक आहे. काल आपली चौकट कापून पाकिटात ठेवलेला एखादा काका तिथं खुर्चीत बसून अर्धा तास आधी पेन टोचून घेणार आहे.

चौकटीतल्या तिसऱ्या वाक्याबद्दलही लिहायलाच हवं. ‘साखर जास्त आढळल्यास जादा डोस घ्यावा.’ हे असं मोघम कसं छापता? जलद इन्सुलिनचा असर तीन ते पाच तास राहतो. रात्री नऊला टोचलं आणि अकराला मीटरवर २५० दिसलं, तर आधीचं अजून बरंचसं अंगात शिल्लक असतं. घाबरून त्यावर आणखी टोचलं की दोन्ही मिळून मध्यरात्रीनंतर साखर खाली ओढतात, माणूस झोपेत असताना. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला अशा वेळी उठवणार कोण?

आणि फोटो. पेनच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे पेनात बसणाऱ्या औषधाच्या नळीत, लाल टोपणाची सिरिंज खुपसून औषध ओढणारा हात आपण छापला आहे. लाल टोपणाची सिरिंज एका मिलिलिटरला ४० युनिटवाल्या बाटलीसाठी असते. पेनच्या कार्ट्रिजमध्ये मिलिलिटरला १०० युनिट असतात. त्या सिरिंजवर १० च्या रेघेपर्यंत औषध भरलं तर ते पाव मिलिलिटर होतं, म्हणजे कार्ट्रिजमधलं औषध असेल तर २५ युनिट. अडीचपट! १०० च्या औषधाला नारिंगी टोपणाची सिरिंज लागते, आणि कार्ट्रिजमधून तर सिरिंजनं ओढायचंच नसतं. चित्र बघूनच शिकणारे वाचक आपल्याकडे खूप आहेत. शाळेत पस्तीस वर्षं शिकवताना मी हेच बघितलं की मजकूर विसरला जातो, चित्र लक्षात राहतं. हा फोटो ज्यांनी निवडला त्यांनी तो एखाद्या डॉक्टरला किंवा निदान औषध दुकानदाराला दाखवायला हवा होता.

पत्र लांबलं आहे, पण त्याच पानाच्या तळाशी असलेल्या जाहिरातीविषयी गप्प बसवत नाही. ‘इन्सुलिन कायमचे बंद, मधुमेह मुळापासून बरा.’ वर इन्सुलिनच्या शोधाचा गौरव आणि खाली ते सोडून द्या म्हणून पैसे घेऊन छापलेलं आवाहन. टाइप १ च्या मुलानं ही जाहिरात वाचून खरोखर इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांतच त्याच्या जिवावर बेतेल, कारण त्याच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. १९२२ च्या आधी अशी मुलं जगत नसत, हे आपणच वरच्या लेखात लिहिलं आहे. मधुमेह बरा करण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींना आपल्या देशात १९५४ सालच्या कायद्यानं मनाई आहे. आपल्या जाहिरात विभागाला हे माहीत नाही असं मी मानत नाही.

आमच्याकडे आपला पेपर सासऱ्यांच्या काळापासून येतो आणि पुढंही येईल. म्हणूनच हक्कानं मागते: चौकटीची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर, तेवढ्याच आकारात छापावी. कोणतं इन्सुलिन जेवणाच्या किती आधी घ्यायचं हे नावं घालून लिहावं, साखर उतरल्यावर काय द्यायचं ते ठळक अक्षरात द्यावं, तो फोटो पुन्हा वापरू नये, आणि हे सगळं लग्नाचे मुहूर्त सुरू व्हायच्या आत व्हावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
त्रिमूर्तीनगर, नागपूर