मलेरियाची चूक, दुसऱ्यांदा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राचे उत्तर पाच महिने राहून गेले. त्याबद्दल जे बोलायचे ते भेटल्यावर बोल, मी मान खाली घालून ऐकेन. इकडे सर्व ठीक. माझा रक्तदाब गोळीच्या ताब्यात आहे आणि आईचे गुडघे पूर्वीइतकेच कुरकुरतात. आज लिहायला बसलो तो मंगळवारी घरात घडलेल्या एका प्रकारामुळे. तो तुझ्याखेरीज कोणाला सांगणार? त्याच अपराधाचा पहिला बळी तू आहेस.

धाकटीचे हे शाळेचे शेवटचे वर्ष. तिने आरोग्य हा विषय घेतला तेव्हा ‘हात धुवा, वेळेवर झोपा, यात अभ्यास तो कसला?’ असे मी म्हणालो होतो आणि तू मला फोनवरच झापले होतेस. मंगळवारी तिची सराव परीक्षेची उत्तरपत्रिका हाती आली. एका प्रश्नात तक्ता होता: एका दीर्घकाळ चालणाऱ्या आजाराचे दरवर्षी नव्याने आढळणारे रुग्ण दहा वर्षांत थोडे घटलेले, परंतु तो आजार घेऊन जगणाऱ्यांची एकूण संख्या मात्र वाढलेली. कारणमीमांसा करा, गुण सहा. धाकटीने पानभर लिहिले होते की उपाय फसले, लोक बेफिकीर झाले आणि रोग हाताबाहेर गेला. मिळालेला गुण एक, आणि समासात बाईंच्या लाल शाईत प्रश्न: ‘हे कोणी सांगितले?’

मी सांगितले होते. आदल्या रात्री जवळपास असाच तक्ता घेऊन ती माझ्याकडे आली, तेव्हा पुस्तक न उघडता, चष्माही न लावता, मी तिला दहा मिनिटे व्याख्यान दिले. खरे उत्तर तिनेच नंतर मला ऐकवले, तेही डोळ्यांतले पाणी पुसत. नवे रुग्ण म्हणजे नळाची धार, एकूण रुग्ण म्हणजे टाकीतले पाणी. आणि टाकीतून पाणी बाहेर पडते ते रुग्ण बरे झाल्याने किंवा दगावल्याने. मधुमेहासारखा रोग औषधाने समूळ जात नसेल, पण रुग्ण पूर्वीपेक्षा बरीच वर्षे अधिक जगत असेल, तर धार बारीक होऊनही टाकी भरतच राहते. म्हणजे मी ज्याला अपयश म्हणालो, त्यात उपचारांचे यशही दडलेले असू शकते.

आता तुला आपल्या परीक्षेच्या दिवशीचे वर्गाचे दार आठवले असेल. मलेरिया या शब्दाचा अर्थच ‘वाईट हवा’ असा आहे, तेव्हा कारण म्हणून बेधडक दूषित हवा लिही, असे मी तुला घंटा व्हायच्या दोन मिनिटे आधी सांगितले होते. शब्दाचा अर्थ खरा होता. पण डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली डासाच्या शरीरात मलेरियाचा परजीवी शोधून काढला होता आणि ते वाक्य आपल्याच पुस्तकात छापलेले होते. तू हवा लिहिलीस. मला मात्र बाकावर बसताच ते पान आठवले आणि मी डास लिहिला. तुझा तीन महिन्यांचा अबोला रास्त होता, हे मी आज प्रथमच लेखी कबूल करतो.

परीक्षेला सात आठवडे उरले आहेत आणि माझी झोप उडाली आहे ती एका गुणामुळे नव्हे. तिच्या वह्या चाळल्या तेव्हा दिसली ती माझीच पद्धत: चार रंगांच्या रेघा, पानोपानी, इतक्या की रेघ नसलेली ओळच उठून दिसावी. तुला तेव्हा मी वेडा म्हणायचो, कारण तू धडा एकदा वाचून पुस्तक मिटायचास, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहायचास आणि मग चुकलेल्या जागी स्वतःलाच शिव्या घालायचास. त्यावर रीतसर प्रयोग झाले आहेत, हे मला आत्ता कळते आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवले की, वाचलेलेच पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत सरस ठरतात. पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे त्यांच्या पुढे जातात. मी आयुष्यभर त्या पाच मिनिटांवर खूश राहिलो. (तू हसतो आहेस. हस.)

बुधवारी मी तिला कोरा कागद दिला. लोकांचे आरोग्य कसे वाढवावे हे सांगणारी जागतिक आरोग्य संघटनेची १९८६ ची ओटावा सनद तिच्या अभ्यासात आहे. तिची पाचही कार्यक्षेत्रे तिने धडाधड लिहिली: आरोग्याला पोषक सार्वजनिक धोरण, अनुकूल परिस्थिती, समाजाची कृती, व्यक्तीची कौशल्ये, आरोग्यसेवांची नवी दिशा. मी सुखावलो. मग मी विचारले, तंबाखूवरचा कर यांत कोठे बसतो? ती गप्प. धूम्रपानास बंदी असलेल्या जागा? पुन्हा गप्प. पाठ असणे आणि वापरता येणे यांतली दरी मला तेथे दिसली. आता रोज रात्री ती एखादा आरोग्य कार्यक्रम घेते आणि त्याचा प्रत्येक भाग कोणत्या क्षेत्रात मोडतो ते ‘कारण’ या शब्दासह लिहिते. कर धोरणात बसतो, हे सोपे; धूम्रपानबंदीवर मात्र आमचा अर्धा तास वाद झाला. तो नियम म्हणून धोरण आहे आणि श्वास घेण्याजोगी जागा देतो म्हणून अनुकूल परिस्थितीही आहे, असे तिने सिद्ध केले आणि मी हरलो.

दुसरे दुखणे क्रियापदांचे. ‘वर्णन करा’ असो, ‘तुलना करा’ असो की ‘मूल्यमापन करा’, ती ठाऊक असलेले सारे ओतून मोकळी होते. मूल्यमापनात शेवटी निवाडा द्यावा लागतो, हे तिला पटते. पण घड्याळ लावले की तीच चूक. चुकांची एक वेगळी वही केली आहे. तीत पहिली नोंद तिने माझ्या नावाने केली आहे: ‘बाबांचे ऐकले.’

आता मुख्य प्रश्न. मी तिच्याजवळ बसावे की उठून जावे? तिची आई म्हणते, बसावे, पण फक्त विचारावे, सांगू नये. हे मला किती जड जाते, ते तुझ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

तुझ्या बदलीचे काय झाले? वहिनींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया नीट पार पडली ना? पुढच्या पत्रात सविस्तर विचारतो.

रविवारी तिला फोन कर आणि तुझ्या कोऱ्या कागदाविषयी सांग. तुझे ती ऐकते. मलेरियाचे मात्र तू काढू नकोस. ते मी स्वतः सांगणार आहे, आणि अजून सांगितलेले नाही.

तुझाच,
डास लिहिणारा